आधी ओव्यांची प्रत, मग कॉम्प्युटर

पुणे, २७ मे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही तीनदा म्हणालात, "माझ्याच हातून काहीतरी चुकीचं दाबल्या गेलं असेल." फोन ठेवला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आधी त्याचंच उत्तर लिहिते. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. तुम्ही लिहीत असतानाच कॉम्प्युटर हँग होतो, कारण तुम्ही त्याच्यावर लिहिण्याशिवाय दुसरं काही करतच नाही. २०१४ च्या दिवाळीत आणलेलं यंत्र आहे. नागपुरातला हा त्याचा बारावा उन्हाळा. कॉलेजातले इतके जुने कॉम्प्युटर मी रोज उघडते, त्यांना हेच होतं, आणि त्यांना तर कोणी तुमच्यासारखं जपतही नाही.

फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं आणि स्क्रीनवर पाठवावं तर स्क्रीनच अडकलेली, म्हणून हे कागदावर, मोठ्या अक्षरात छापून पाठवते आहे. टेबलाच्या काचेखाली ठेवा. सोबत काळ्या रंगाची छोटी डिस्क आहे. ती कशासाठी ते पुढे येतंच.

हे पत्र मिळेल त्या दिवशी, म्हणजे आज, कॉम्प्युटर सुरू करू नका. एक दिवस तसाच राहू द्या.

तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टींमुळे मला काळजी वाटते. एक, फाईल सेव्ह करायला दिल्यावर तो मिनिट-मिनिट थांबतो आणि कॉम्प्युटरच्या डब्यावरचा छोटा दिवा सतत पेटलेला राहतो. दुसरी, आईने ऐकलेला 'टिक-टिक' आवाज. हार्ड डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारं टोक तरंगत असतं. तबकडीचा एखादा भाग खराब झाला की डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोवर बाकी सगळं ताटकळतं. आपल्याला वाटतं कॉम्प्युटर हँग झाला. खरं तर तो डिस्कची वाट पाहत असतो. अशी डिस्क महिनाभर चालेल की उद्या बंद पडेल, हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि त्या डिस्कवर आजीच्या ओव्या आहेत.

वही आपल्याकडे आहे, हे मला माहीत आहे. पण वहीत फक्त ओव्या आहेत. प्रत्येक ओवीखाली तुम्ही जे लिहिलंत, रामटेककडच्या त्या गावात कोणतं जातं कोणाच्या पडवीत होतं, कोणत्या लग्नात आजीने ती म्हटली, 'सोजी' म्हणजे काय, ते वहीत कुठेच नाही. ते तुमच्या आठवणीतून आलं आणि फक्त त्या एका डिस्कवर उतरलं. कॉम्प्युटर नवा मिळेल. हे नाही मिळणार. म्हणून आधी प्रत, मग दुरुस्ती. हा क्रम कोणीही कितीही घाई केली तरी बदलू नका.

बाबा, तुम्ही म्हणालात, "मी डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवली आहे." ते वाचवण्यासाठीच केलंत, पण सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नाहीत. एकाच आलमारीचे दोन कप्पे आहेत. आलमारीला वाळवी लागली तर दोन्ही कप्पे जातील. आणि डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल सी ड्राइव्हमध्येच असते, हेही लक्षात असू द्या. दुकानातल्या मुलाने "फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल" असं सांगितलं ना, ते केलं असतं तर डेस्कटॉपवरचं 'ओव्या' नावाचं फोल्डर त्याच वेळी पुसलं गेलं असतं. तो वाईट हेतूने म्हणाला नसेल, पण त्याने आधी विचारायला हवं होतं की यात तुमचं काय काय आहे. तुम्ही नाही म्हणालात हे फार बरं केलंत.

तर उद्या सकाळी, सहा-साडेसहाला, खोली गार असताना, एवढंच करा. काळी डिस्क मागच्या यूएसबीच्या खाचेत लावा, पुढच्या खाचा सैल झाल्या आहेत. कॉम्प्युटर सुरू करा आणि वर्ड, इंटरनेट काहीच उघडू नका. 'ओव्या' फोल्डरवर उजवी क्लिक, कॉपी. मग काळ्या डिस्कवर जाऊन पेस्ट. ते एकटं आधी. ते गेलं की एखादी फाईल काळ्या डिस्कवरूनच उघडून पाहा, अक्षरं नीट दिसतात ना. मगच आईच्या भजनी मंडळाच्या याद्या, मग फोटो. फोटो खूप आहेत, ते करताना अडकला तर सोडून द्या, उरलेले मी आल्यावर काढीन. मध्येच टिक-टिक जोरात सुरू झाली तर लगेच शट डाऊन करा आणि मला फोन करा, मी कामावर असले तरी. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. अशा वेळी प्रत्येक वेळी सुरू करणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्याने गडमंदिराच्या पायऱ्या चढणं आहे.

शेजारच्या काकांनी सांगितलेलं 'चेक डिस्क' आत्ता चालवू नका. चांगल्या डिस्कवर ते उपयोगी आहे, पण ते पूर्ण तपासणी करतं तेव्हा तबकडीचा कोपरा न् कोपरा तासन् तास वाचत बसतं. खिळखिळ्या डिस्कला तेवढा ताण प्रत हातात येण्याआधी द्यायचा नाही.

प्रत झाली की माझा अर्धा जीव भांड्यात पडेल. पुढचं सावकाश.

डिस्क हे एक कारण. मला दुसरंही दिसतं, ते उन्हाचं. तुम्ही म्हणता, सकाळी तासभर बरा चालतो, दुपारी दहा मिनिटांत अडकतो. आत प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूवर, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. त्याचं काम एवढंच, आतली उष्णता खोलीतल्या हवेला देणं. खोलीची हवाच ४० अंश असेल तर तो ठोकळा ४० च्या खाली कधीच जाऊ शकत नाही, वर किती चढेल हे धुळीवर अवलंबून. आत्ता नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, चालू आहे. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा आई, तू गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी सातलाही हाताला सोसत नाही म्हणाली होतीस. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला आधी मंद होतो, आणि तरीही भागलं नाही तर कॉम्प्युटर बंद करून टाकतो. हार्ड डिस्कसुद्धा साधारण ६० अंशांपर्यंतच चालवावी असं बनवणारेच सांगतात.

आणि आपला कूलर. तो नेमका टेबलाच्या मागच्या खिडकीत आहे, डब्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर. कूलरची हवा आपल्याला गार वाटते, पण ती ओली असते आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. कूलरच्या गवताच्या ताट्यांवर जो पांढरा थर जमतो ना, त्याचे बारीक कण उडून डब्याच्या जाळीवर येतात, धूळ ओली होते आणि पंख्याच्या पात्यांवर नमदा बसल्यासारखी चिकटते. डबा टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर, कूलरच्या झोताच्या बाहेर ठेवायला सांगा. तुम्ही स्वतः उचलू नका, पाठीचं दुखणं विसरू नका. आई, तू विणलेलं क्रोशाचं आवरण फार सुंदर आहे, पण कॉम्प्युटर चालू असताना ते वर नको. ते मॉनिटरवर घाल, बंद असेल तेव्हा. आणि दुपारी दोन ते पाच लिहूच नका बाबा. कॉम्प्युटरसाठी सांगत नाही, तुमच्यासाठी सांगते.

पुन्हा हँग झाला तर लगेच बटण दाबून बंद करण्याआधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा पेटतो-विझतो आहे का पाहा. दिवा बदलत असेल तर यंत्र जिवंत आहे, डिस्कची वाट पाहतं आहे. पाच मिनिटं थांबा, चहा घ्या. दिवा जागच्या जागी राहिला, माऊसचा बाणही हलला नाही, तर पूर्ण अडकला आहे. तेव्हा बटण पाच सेकंद दाबून धरावंच लागेल. दर वेळी वेळ, कॅप्स लॉकचं काय झालं आणि डब्यावरचा दिवा पेटलेला होता की विझलेला, एवढं त्या हिरव्या डायरीत लिहून ठेवा. दुरुस्ती करणारा तासभर शोधेल ते तुमच्या चार ओळींतून मला कळेल. इतकी वर्षं शाळेचं हजेरीपत्रक तुम्ही एकही खाडाखोड न करता लिहिलंत, तुमच्या नोंदीवर माझा पूर्ण भरवसा आहे.

बर्डीच्या दुकानात डबा नेऊ नका. मी बोलले आहे, एक ओळखीचा मुलगा शनिवारी घरी येईल. त्याने तुमच्यासमोर डबा उघडावा, धूळ ब्लोअरने काढावी, प्रोसेसर आणि त्या ठोकळ्यामधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी. रॅमची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासून परत बसवावेत, ओल्या हवेने ते काळपट होतात आणि तेवढ्यानेही कॉम्प्युटर अडकतो. आतल्या मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची (कपॅसिटरची) डोकी फुगलेली आहेत का हे बघायला मी त्याला सांगितलं आहे. यूपीएसची बॅटरी बदलून घ्या, लाईट गेल्यागेल्या कॉम्प्युटर बंद पडतो म्हणजे ती संपली आहे. आणि कूलर कॉम्प्युटरच्याच विजेच्या बोर्डवर नको, त्याची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येतं. विंडोजला त्याने हात लावायचा नाही.

विंडोजचं आपण नंतर पाहू. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे कंपनीचे नेहमीचे सुरक्षा-अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर कंपनी चालू देत नाही, त्यामुळे बँकेचं काही यावर करू नका, ते मोबाईलवरच. पण लिहायला हा कॉम्प्युटर अजून पुरेसा आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी येते तेव्हा एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, आणते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे टिक-टिकही नाही आणि फाईल क्षणात उघडते. रॅम ४ जीबीची ८ करू. जुनी डिस्क फेकायची नाही, कागदावर तारीख लिहून आलमारीत ठेवायची. नवा घ्या असं दादा म्हणतो, त्याचं प्रेम मला कळतं, पण तुमच्या बोटांना या कीबोर्डची सवय आहे आणि ओव्या अर्ध्यावर आहेत. आधी त्या पूर्ण होऊ द्या.

आई, औषधाची वेळ कॉम्प्युटरच्या नादात टळू देऊ नकोस, त्यांची आणि तुझीही. कैरीचं पन्हं दोघांनीही घ्या.

बाबा, परवा ज्या ओवीवर तो अडकला, त्या ओवीखालचं तुमचं लिहिणं अर्धं राहिलं असेल. शनिवारपर्यंत ते डोक्यात धरून बसू नका. आज रात्री नऊला मी फोन करते. वही घेऊन बसा, ओवी वाचा आणि पुढचं सांगा. मी इथे टाईप करत जाईन.

तुमची,
मनू