अविनाशला, रिपोर्टांबद्दल

पुणे,
रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले हिपॅटायटीस बी चे, म्हणजे यकृताला लागणाऱ्या विषाणूचे, सगळे रिपोर्ट काल रात्री एकेक करून पाहिले. परवा फोनवर तू दोनच गोष्टी विचारत होतास, "किती वाढलंय?" आणि "आता पुढे काय होणार माझं?" दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. या कागदांमध्ये घाबरून झोप उडावी असं काही नाही. पहिल्याचं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहितोय. मी डॉक्टर नाही. पण हाच आजार अंगात घेऊन मी बरीच वर्षं नोकरी, संसार सगळं करतोय आणि हे कागद वाचायला शिकलोय. औषधाचा निर्णय तुझ्या डॉक्टरांचा. ते काय बोलतात हे तुला समजावं एवढ्यासाठी हे सगळं.

तू ज्या आकड्यावर अडकलायस तिथूनच सुरुवात करतो. 'एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह, ४८१२'. एचबीएसएजी म्हणजे या विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. तुला वाटलं की ४८१२ विषाणू सापडले. तसं नाही. हा आकडा मशीनने मोजलेल्या सिग्नलला ठरलेल्या मर्यादेने भागून येतो. एकच्या वर गेला की रिअ‍ॅक्टिव्ह, एवढाच त्याचा अर्थ. कुणाचा ९०० आला म्हणून तो तुझ्यापेक्षा बरा नाही आणि पुढच्या वेळी तुझा ५२०० आला म्हणून आजार वाढला असंही नाही. या तपासणीला एकाच प्रश्नाचं उत्तर देता येतं, विषाणू शरीरात आहे की नाही. तुमच्या लॅबने खाली 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' लिहिलंय तेही हेच. बारूक ब्लमबर्ग या शास्त्रज्ञाला हे प्रथिन पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात दिसलं, म्हणून ते नाव पडलं. त्या शोधातून पुढे रक्तपेढ्यांमधली चाचणी आली, लस आली, आणि १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. रक्तदान शिबिरात तू पहिल्यांदाच रक्त दिलंस आणि रक्तपेढीतून तुला फोन आला, तो त्या शोधामुळेच. तुझ्या रक्ताने दुसऱ्या कुणाला हा आजार झाला नाही आणि तुलाही वेळेत कळलं, हे मी मनापासून चांगलं मानतो.

आता घरातला नाजूक विषय. तू बोलला नाहीस, पण वहिनींच्या मनात काय आलं असेल ते मला कळतंय, कारण आमच्या घरीही तेच आलं होतं. तुझ्या रिपोर्टमध्ये 'अँटी-एचबीसी आयजीएम निगेटिव्ह' आणि त्याखाली 'अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह' अशा दोन ओळी आहेत. या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांच्या या तपासण्या. आयजीएम साधारणपणे ताज्या संसर्गात पॉझिटिव्ह येतं. तुझं निगेटिव्ह आहे, म्हणजे ही लागण हल्लीची दिसत नाही. किती जुनी आणि कुणाकडून, हे जगातली कुठलीच लॅब सांगू शकत नाही. पण एक गोष्ट पक्की माहीत आहे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या १० बाळांपैकी जवळपास ९ जणांत हा विषाणू कायमचा राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर १०० पैकी ९५ हून जास्त जण तो स्वतःच घालवून टाकतात. त्यामुळे आपल्या वयात ज्यांच्याकडे तो टिकून आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो बाळपणीच मिळालेला असतो. आपण जन्मलो तेव्हा सरकारी लसीकरणात ही लस नव्हतीच. २००२ नंतर ती काही भागांत सुरू झाली आणि देशभर पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. हे वहिनींना शांतपणे सांग. माझ्याकडून सांगायचं असेल तर मी सांगतो, पण तू सांगितलंस तर जास्त बरं. आणि काकूंना या तपासणीला नेशील तेव्हा त्यांना चुकूनही दोष लागेल असं काही बोलू नकोस. त्या काळात बाळंतपणात ही तपासणी कोण करत होतं?

आता 'एचबीईएजी निगेटिव्ह'. हे विषाणूचं आणखी एक प्रथिन, थोडक्यात 'ई'. यावर तुझ्या मेव्हण्याने "ई निगेटिव्ह आहे, म्हणजे झोपलेला आहे विषाणू, सोडून दे" असं सांगितलं ना? तसं मुळीच सोडू नकोस. ई पॉझिटिव्ह असताना विषाणू बहुधा जोरात वाढत असतो हे खरं, पण ई निगेटिव्ह म्हणजे तो थांबलाच असं नाही. काही विषाणूंमध्ये असा बदल झालेला असतो की ते ई प्रथिन बनवतच नाहीत आणि तरी वाढत राहतात. आपल्याकडे असे रुग्ण भरपूर आहेत. म्हणून ई निगेटिव्ह माणसाचा विषाणूचा डीएनए आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाहिल्याशिवाय काहीही ठरवता येत नाही. पूर्वी अशांना सरसकट 'हेल्दी कॅरियर' म्हणून घरी पाठवायचे. मला तो शब्द ऐकला की अजून राग येतो, कारण त्या शब्दाने कितीतरी माणसं दवाखान्याची पायरी विसरली.

तुझा एचबीव्ही डीएनए ३,२०० आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली. रक्तात विषाणू किती आहे, ते हा आकडा सांगतो. बत्तीसशे ऐकून तू हादरलास, पण या आजारात हे आकडे लाखांत, कोटींत, शंभर कोटींतही जातात. त्यामुळे इथे दुप्पट-तिप्पट याला फारसा अर्थ नसतो. दहापट, शंभरपट झाला तर बघायचं. पुढच्या वेळी १,९०० आला तर पेढे वाटू नकोस आणि ५,००० आला तर रात्र जागवू नकोस. शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने तपासणी कर. आणि कधी एखाद्या जुन्या रिपोर्टवर एककाऐवजी 'कॉपीज' लिहिलेलं दिसलं, तर एक एकक म्हणजे साधारण पाच कॉपीज हे लक्षात ठेव, नाहीतर उगाच पाचपट वाढल्यासारखं वाटेल.

एसजीपीटी ४१. लॅबने शेजारी '५० पर्यंत' छापलंय, त्यामुळे ठळक अक्षर नाही, बाण नाही, आणि तू सुटकेचा श्वास सोडलास. इथे मात्र मला तुला जरा थांबवायचंय. लॅबची मर्यादा लॅबप्रमाणे बदलते. यकृताचे डॉक्टर यापेक्षा कडक असतात. पुरुषांसाठी ३० ते ३५, बायकांसाठी १९ ते २५ अशा मर्यादा त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत आहेत. त्या हिशोबाने तुझा ४१ हा किंचित चढा आहे. आता तो विषाणूमुळे चढला की सोनोग्राफीत दिसलेल्या 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'मुळे, हे एका रिपोर्टवरून कळत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलंय. ते टाळाटाळ करत नाहीयेत. डीएनए २,००० च्या वर आणि एसजीपीटी सामान्यपेक्षा जास्त, असं दोन्ही असलं तर औषध सुरू करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचना म्हणतात. तू अगदी त्या रेषेवर उभा आहेस. दरम्यान वजन पाच-सहा किलो उतरव आणि दारू पूर्ण बंद कर, म्हणजे पुढचा एसजीपीटी वाचताना निदान तेवढा गोंधळ तरी कमी होईल. पुढच्या भेटीत सरळ विचार, "डॉक्टर, माझी एसजीपीटीची मर्यादा तुम्ही किती धरता?" चांगले डॉक्टर या प्रश्नाला वैतागत नाहीत.

आता तुझ्या फाईलमधला सगळ्यात दिलासा देणारा कागद, ज्याच्याबद्दल तू फोनवर अवाक्षरही काढलं नाहीस. फायब्रोस्कॅन ५.६ किलोपास्कल. एसजीपीटी हा आजचा दाह सांगतो. आजवरच्या सगळ्या वर्षांत यकृतावर व्रण किती झाले, ते या तपासणीत यकृताच्या कडकपणावरून कळतं. ७ च्या वर गेला तर लक्षणीय व्रण, १२.५ च्या वर सिरॉसिसची, म्हणजे सगळं यकृतच व्रणांनी कडक झाल्याची, शंका, असं ढोबळमानाने धरतात. तुझा ५.६. प्लेटलेट्स २ लाख २० हजार, त्याही छान. यकृत फार खराब झालं की त्या हळूहळू उतरायला लागतात. एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) आणि प्लेटलेट्सवरून 'एपीआरआय' नावाचा एक आकडा काढता येतो, मी कागदावर काढून पाहिला. एसजीओटी ३४, त्याला मर्यादेने, म्हणजे ४० ने भागलं, १०० ने गुणलं आणि प्लेटलेट्सच्या हजारांतल्या आकड्याने, म्हणजे २२० ने, भागलं. उत्तर ०.३९ च्या आसपास आलं. ०.५ च्या खाली म्हणजे चांगलं. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की माझा तरी विश्वास बसतो. फायब्रोस्कॅनच्या आधी तीन तास काही खायचं नाही, हे पुढच्या वेळी विसरू नकोस. आणि एसजीपीटी खूप चढलेला असताना हा आकडा खोटाच वाढून येतो, तेव्हा त्या वेळी करू नये.

अविनाश, मला खरी काळजी आहे ती पुढच्या वर्षाची. रिपोर्ट वाईट आला की माणूस धावत जातो. रिपोर्ट बरा आला की तो परत जातच नाही, आणि हा विषाणू दुखत नाही, खुपत नाही, कावीळही बहुधा करत नाही. तू आता ४३ चा आहेस. आशियाई पुरुषांनी चाळिशीनंतर, सिरॉसिस नसला तरी, दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करायची असते, कारण हिपॅटायटीस बी मध्ये कधीकधी सिरॉसिस न होताही यकृताचा कर्करोग होतो. सोबत एएफपी ही रक्ततपासणी करतात. लहान गाठ वेळेत सापडली तर ती काढता येते. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण तुझ्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. मोबाइलमध्ये दर सहा महिन्यांचा रिमाइंडर आजच लाव. शिवाय हिपॅटायटीस डी (बी असलेल्यांनाच होणारा दुसरा विषाणू) ची तपासणी एकदा झालेली असावी. तुझ्या फाईलमध्ये ती दिसली नाही, डॉक्टरांना विचार.

माझ्याबद्दल विचारलंस. माझा डीएनए लाखांत होता आणि एसजीपीटी दुपटीहून जास्त, म्हणून मला टेनोफोव्हिर सुरू झालं. रोज एक गोळी. डीएनए हळूहळू उतरत गेला आणि आता 'आढळला नाही' असं येतं. तरीही एचबीएसएजी दर वेळी रिअ‍ॅक्टिव्हच. सुरुवातीला मला याचं फार वाईट वाटायचं. मग डॉक्टरांनी समजावलं की विषाणू आपल्या पेशींच्या केंद्रकात स्वतःचा एक मूळ नमुना ठेवून देतो. गोळी नवे विषाणू बनणं रोखते, त्या नमुन्याला हात लावू शकत नाही. वर्षाला १०० पैकी एखाद्याचंच एचबीएसएजी निगेटिव्ह होतं. पण डीएनए दबलेला राहिला की दाह थांबतो, व्रण भरून यायला लागतात, कर्करोगाचा धोकाही कमी होतो, आणि मला तेवढं पुरे आहे. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन मात्र ठरावीक काळाने तपासतो. तुला पुढे गोळी सुरू झाली तर एक वचन दे, ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करणार नाहीस. अचानक बंद केल्यावर विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत.

काकूंनी कुणाकडून तरी कावीळ उतरवून घ्यायला सांगितलंय असं तू म्हणालास. काकूंचं मन मोडू नकोस, पण नाकात काही घालून घेऊ नकोस आणि पोटात तर अजिबात घेऊ नकोस. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि नाव उतरवणाऱ्याचं होतं. आपला विषाणू तसा जात नाही, आणि कुठल्याशा पाल्याचा रस यकृतालाच इजा करू शकतो. तसंच, पुढे कधी कुठल्याही आजारासाठी स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा संधिवाताची भारी इंजेक्शनं द्यायची वेळ आली, तर आधी "मला हिपॅटायटीस बी आहे" हे सांगायचं. प्रतिकारशक्ती दबली की शांत असलेला विषाणू उठतो. दाताच्या डॉक्टरांनाही सांग. ऑफिसात कुणाला सांगायची काही गरज नाही.

वहिनींचा रिपोर्ट पाहिला. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारं प्रतिपिंड) ३. म्हणजे त्यांना लागण नाही, पण संरक्षणही नाही. ते १० किंवा त्याहून जास्त हवं. त्यांची अँटी-एचबीसी टोटल एकदा बघून घ्या आणि लगेच लस सुरू करा, पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. तिसरीनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पुन्हा तपासा. तोवर संबंधांत निरोध वापरा. मुलीला लहानपणी लस मिळालीय, तरी एकदा तपासणी करा. धाकट्या भावालाही ने. तुमच्याकडे कोकणात कितीतरी मुलांना हे पहिल्यांदा आखातात जायच्या मेडिकलमध्ये कळतं, आणि तिथे व्हिसाच अडकतो. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळे ठेव. ताट-वाटी वेगळी करायची नाही, मुलीला जवळ घ्यायचं थांबवायचं नाही. एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही.

खर्चाचं बघ. २८ जुलै २०१८ पासून हिपॅटायटीससाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. ठरलेल्या सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. तुझ्या जिल्हा रुग्णालयात जाऊन नोंदणीची चौकशी कर. संकोच करू नकोस.

एका वहीत चार रकाने आख, तारीख, डीएनए, एसजीपीटी, प्लेटलेट्स. फायब्रोस्कॅन आणि सोनोग्राफीची नोंद खाली वेगळी. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा ही वही ने, आणि मी सोबत यावं असं वाटलं तर आदल्या आठवड्यात कळव, मी चिपळूणला येतो.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग. त्यांचा रिपोर्ट आला की रात्री कितीही वाजले तरी फोन कर.

तुझा,
मिलिंद