वाचनालयात एकत्र शोधण्याचे टेबल हवे

महोदय,
संगणकावर पुस्तक शोधताना माउस एकाच्याच हाती असतो आणि सोबतचे नुसते पाहत राहतात. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी १९९७ मध्ये डिजिटल माहितीला हाताने धरता येईल असे रूप देण्याची कल्पना मांडली, ती १८४० पासून नाशिककरांना वाचते ठेवणाऱ्या सार्वजनिक वाचनालयात यावी असे मनापासून वाटते. टेबलावर ‘गोदावरी’ आणि ‘पेशवाई’ असे दोन लाकडी ठोकळे जवळ आणले की दोन्ही विषयांना धरून असलेली पुस्तके दिसावीत, दूर नेले की यादी वाढावी. ठोकळ्यांखालच्या खुणा कॅमेऱ्याने ओळखण्याचे तंत्र आता नवे नाही, चांगले रुळलेले आहे. एक ठोकळा आजोबांनी सरकवावा, दुसरा नातीने. खर्चाचा प्रश्न निघेलच, पण निदान बालविभागात असे एक टेबल मांडून पाहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक