तेरा की सोळा ठरवण्याआधी जन्मतारीख खरी टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना समाजमाध्यमे कितव्या वर्षापासून वापरू द्यावीत, हा वाद सध्या तेरा आणि सोळा या दोन आकड्यांभोवती फिरतो आहे. यातला कोणताही आकडा प्रत्यक्षात लागू होतो तो एकाच ठिकाणी, खाते उघडताना येणाऱ्या जन्मतारखेच्या चौकटीत. कितीतरी घरांत ती चौकट खोटी भरली जाते, आणि तीही पालकांच्याच हातून.

मूल दहा वर्षांचे आहे आणि त्याला इन्स्टाग्राम हवे आहे असे धरू. ॲप तेराच्या आत घेत नाही, म्हणून जन्मसाल तीन वर्षे मागे सरकवले जाते. त्या दिवसापुरते काम भागते आणि घरातले सगळे ते विसरून जातात. ॲप मात्र विसरत नाही. मूल तेराचे होते तेव्हा ॲपच्या हिशेबी ते सोळाचे असते आणि पंधराव्या वर्षी ते ॲपच्या लेखी सज्ञान होते. आता या तीन वर्षांची किंमत पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने किशोरवयीनांसाठी वेगळी खाती जाहीर केली. त्यात खाते आपोआप खासगी राहते, ओळखीबाहेरचा माणूस मुलाला थेट मेसेज पाठवू शकत नाही, दिवसाची साठ मिनिटे झाली की बाहेर पडण्याची आठवण येते, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प राहतात. सोळाच्या आतल्या मुलाला यातले काही सैल करायचे असेल तर पालकाची परवानगी लागते. खोट्या तारखेमुळे ही परवानगीची अट तेराव्या वर्षीच गळून पडते आणि बाकीचे कुंपण पंधराव्या वर्षी. काही मुले एवढा हिशेबही करत नाहीत. तारखेचे चाक बोटाने गरगर फिरवतात, जिथे थांबेल ते साल. ते १९९० वर थांबले की मूल पहिल्या दिवसापासून प्रौढ.

असे खाते आधीच उघडलेले असेल तर ते दुरुस्त करता येते. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, तिथे वैयक्तिक माहिती, तिथे जन्मतारीख. बदल करण्याआधी खात्यातले फोटो आणि माहिती डाउनलोड करून घ्यावी, कारण खरे वय तेराच्या आत निघाले तर खाते बंद होते. वय तेरा ते सतरा असेल तर किशोरवयीनांची बंधने लागू होतात. एकदा खरी तारीख पडली की मुलाला ती परस्पर अठराच्या पुढे नेणे अवघड जाते, तिथे ओळखपत्र किंवा चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला जातो. कंपन्या आता वागण्यावरूनही वय ताडू लागल्या आहेत, पण त्या भरवशावर घरातली तारीख चुकीची ठेवण्यात अर्थ नाही.

गुगल खात्यातली जन्मतारीख वेगळी असते, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आईचा किंवा बाबांचा जुना फोन मुलाच्या हाती येतो आणि त्यात खाते जुनेच राहते. मग यूट्यूबच्या दृष्टीने समोर चाळिशीतला माणूस बसलेला असतो आणि ते त्याला साजेसेच दाखवते. जुना फोन द्यायचा तर आधी फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधले सगळे पुसणे, मग मुलाच्या खऱ्या तारखेचे खाते, ते ‘फॅमिली लिंक’ या गुगलच्या पालक-नियंत्रण ॲपला जोडलेले. या कामाला फार तर तासभर लागतो. तो तास वाचवला की पुढची दोन वर्षे निस्तरत बसावे लागते.

तेरा हा आकडा कोणा बालरोगतज्ज्ञाने ठरवलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला. तेराच्या आतल्या मुलाची माहिती गोळा करायची तर पालकाची संमती घ्या, एवढेच तो सांगत होता. कंपन्यांनी ती कटकट टाळण्यासाठी तेराच्या आतल्यांना दारच बंद केले आणि ‘तेरा म्हणजे योग्य वय’ असा समज जगभर रूढ झाला. तेव्हा आजची समाजमाध्यमे अस्तित्वातही नव्हती. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर) विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये तेरा हे वय फार लवकरचे असल्याचे म्हटले. त्याच वर्षीच्या त्यांच्या सूचनापत्रात आठ ते बारा वयाची जवळपास ४० टक्के मुले समाजमाध्यमे वापरत असल्याची नोंद आहे. नियम तेराचा असताना ही स्थिती. सोळाचा नियम झाला की खोट्या तारखांची गर्दी चौदा-पंधरापर्यंत सरकेल, एवढे समजायला संशोधन लागत नाही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आत खात्यांना बंदी केली. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे, आणि तो ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. जबाबदारी योग्य खांद्यावर टाकली, हे मला पटते. पण बंदी खात्यावर आहे, पाहण्यावर नाही. यूट्यूब खात्याशिवायही चालते आणि खाते गेले की त्याला जोडलेली पालकांची नियंत्रणेही जातात. चेहरा पाहून वय सांगणारे तंत्रही वर्ष-दोन वर्षांनी चुकू शकते. तिशीतल्या माणसाबाबत त्याने काही बिघडत नाही, पंधरा की सोळा इथे मात्र सगळे त्या एका वर्षावरच असते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याने रेषा अठरावर ओढली आहे, पण ती बंदी नाही. पालकाची पडताळलेली संमती हवी आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत, असा तो नियम आहे.

मग घरापुरते वय कोणते धरावे? २०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये ब्रिटनच्या आकडेवारीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समाजमाध्यमांचा वापर वाढला की वर्षभराने आयुष्याविषयीचे समाधान घटलेले दिसते, हा संबंध मुलींत ११ ते १३ आणि मुलांत १४ ते १५ या वयात अधिक ठळक होता. दोघांतही तो १९ च्या सुमारास, म्हणजे अनेक जण घर सोडतात त्या वयात, पुन्हा दिसला. म्हणजे एकाच घरातल्या बहीण-भावाचा नाजूक काळही एक नसतो. हा सरासरीचा हिशेब आहे, आपल्या मुलाचे भविष्य नव्हे. तरीही वयात येण्याच्या ऐन काळात फीड, म्हणजे एकामागून एक येत राहणाऱ्या पोस्टची रांग, हाती देऊ नये आणि शाळा किंवा घर बदलण्याच्या वर्षी नवे खाते उघडू नये, इतपत अर्थ त्यातून मी काढतो.

मुळात समाजमाध्यम ही एकच वस्तू नाही. ओळखीच्यांना निरोप पाठवणे, अनोळखी लोकांचे पाहत राहणे आणि स्वतःचे जगासमोर मांडणे ही तीन वेगळी कामे आहेत. त्यांची वयेही वेगळी ठेवावीत. माझ्या मते निरोपांचे ॲप तेरापासून, पाहण्याचे फीड पंधरा-सोळापासून, आणि सगळ्यांना दिसेल असे खाते सतरा-अठराच्या आधी नको. व्हॉट्सॲप दिले की त्याच दिवशी सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे जाऊन ‘माझे कॉन्टॅक्ट’ निवडावे, नाहीतर नंबर ज्याच्याकडे आहे तो कोणीही मुलाला कोणत्याही ग्रुपमध्ये ओढू शकतो. प्रोफाइल फोटोलाही तीच मर्यादा घालावी. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावावा आणि त्यासाठी ईमेल पालकाचा द्यावा. वर्गाच्या ग्रुपवर खरा त्रास मजकुराचा नसतो, वेळेचा असतो. रात्री साडेअकराला कोणीतरी गृहपाठ विचारतो आणि पुढचे चाळीस मेसेज स्टिकरचे असतात. ग्रुप म्यूट केला आणि फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावला की हा प्रश्न जवळजवळ संपतो. त्यासाठी गजराचे घड्याळ मात्र वेगळे आणावे लागते, कारण ‘अलार्मसाठी फोन हवा’ हे कारण प्रत्येक मुलाकडे तयार असते.

स्नॅपचॅटची स्ट्रीक जवळून पाहण्यासारखी आहे. दोघांनी सलग तीन दिवस एकमेकांना स्नॅप, म्हणजे फोटो किंवा व्हिडिओ, पाठवले की नावापुढे ज्योत येते आणि दिवसांचा आकडा वाढू लागतो. पुढे चोवीस तासांत दोघांपैकी एकाने जरी पाठवला नाही तर आकडा शून्य. दोनशे दिवसांची स्ट्रीक मोडू नये म्हणून सहलीला जाणारे मूल आपला पासवर्ड मित्राला देऊन जाते. स्नॅपमध्ये असतो काय, तर छताचा किंवा उशीचा धूसर फोटो. इथे गप्पा नाहीत, हजेरी आहे. मूल तयार आहे का हे पाहायचे तर मला हीच कसोटी बरी वाटते. ‘स्ट्रीक मोडली तर मोडू दे’ असे ते स्वतःहून म्हणू शकते का? म्हणू शकत नसेल तर वय सोळा असले तरी थांबावे.

वेळेच्या मर्यादेबाबत थोडक्यात. फोनवरचा वेळ मर्यादित करणाऱ्या ‘स्क्रीन टाइम’ या सोयीचा पासकोड फोन उघडण्याच्या कोडपेक्षा वेगळा हवा. ॲपवर मर्यादा घातली तरी तीच सेवा ब्राउझरमधून उघडते का, हे स्वतः करून पाहावे. दुसरे गुप्त खाते शोधत बसण्यापेक्षा ते असणारच असे धरून बोलावे.

शेवटी सर्वांत वाईट प्रसंगाची तयारी, कारण ती खाते उघडण्याच्या दिवशीच करायची असते. अनोळखी ‘मैत्रीण’ किंवा ‘मित्र’ नग्न किंवा अर्धनग्न फोटो मागतो, मिळताच पैसे मागतो आणि न दिल्यास सगळ्या फॉलोअरांना पाठवण्याची धमकी देतो. पैसे देऊ नयेत, एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसू नये. त्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत, आणि त्यात दिसणारे नाव पुरेसे नाही, यूजरनेम आणि प्रोफाइलची लिंक हवी, कारण नाव क्षणात बदलता येते. मग ॲपवर तक्रार, मग ब्लॉक, आणि पोलिसांकडे तक्रार. मुलाचा फोटो पुरावा म्हणूनही नातेवाइकांना किंवा स्वतःला फॉरवर्ड करू नये. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठराच्या आतल्या वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी आहे. फोटो तिकडे पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो ओळखून हटवतात. व्हॉट्सॲपसारख्या कूटबद्ध, म्हणजे कंपनीलाही वाचता न येणाऱ्या, संभाषणात ती चालत नाही. अशा वेळी फोन हिसकावून रीसेट करणे ही पालकांची सर्वांत नेहमीची चूक. सगळा पुरावा त्याच फोनमध्ये असतो, आणि फोन जाईल या भीतीनेच मूल तोवर गप्प बसलेले असते.

आपला,
एक वाचक