ताई, त्या शनिवारच्या रात्रीसाठी जाहीर थँक यू

ताई, तेव्हा फोनवर नुसतं "थँक्यू गं" म्हणून ठेवून दिलं, तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि मला कधी एकदा स्क्रिप्ट पळवतो असं झालेलं. नीट बोलणं राहूनच गेलं म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि काल आपल्या लॅबमधला ज्युनियर अगदी माझ्यासारखंच तोंड करून आला, त्याचंही सांगायचंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: ओपनफोमवरच्या (प्रवाहाची गणितं करणारं सॉफ्टवेअर) सिम्युलेशनचे दोनशे टाइमस्टेप (वेळेचे टप्पे) होते, प्रत्येकाचा स्लाइस काढून थोडं फिल्टरिंग करून फोटो सेव्ह करायचा. हाताने कोण करत बसणार, म्हणून पॅराव्ह्यूची (असे निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) पायथॉन स्क्रिप्ट लिहिली. सोमवारी सरांना दाखवायचं आणि शनिवारी रात्री पीव्हीपायथॉन (पॅराव्ह्यूच्या स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) म्हणतंय सायपाय नावाचं मॉड्यूलच (गणिताचं पायथॉन पॅकेज) नाही. अरे, पिपने (पायथॉनची पॅकेजेस टाकणारी कमांड) टाकलंय की! टर्मिनलवर साधं पायथॉन उघडलं की तेच इम्पोर्ट गुपचूप चालतंय. (ते टाकताना पण माझं लिनक्स, उबंटू 24.04, नको नको म्हणत होतं, मी ब्रेक-सिस्टम-पॅकेजेसवाला फ्लॅग लावून रेटलं. हो, नावातच ब्रेक आहे, माहितीये.) मग कुणाचं तरी बघून बॅशआरसीमध्ये (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) पायथॉनपाथची (पॅकेज कुठे शोधायचं ते सांगणारी) ओळ टाकली, तर सायपाय राहिलं बाजूला, इतके दिवस चालणारं नमपायही (आकड्यांचं पॅकेज, सायपाय त्याच्याच जिवावर चालतं) झोपलं. नमपायचे सी-एक्स्टेन्शन (सी भाषेतले भाग) इम्पोर्ट होत नाहीत म्हणून हातभर एरर. मी ती न वाचता नमपाय तीनदा काढून तीनदा टाकलं.

तुला साडेदहाला फोन केला. मला वाटलं तू एखादी कमांड देशील, मी पेस्ट करीन, विषय संपला. तू म्हणालीस, "एरर मोठ्याने वाच." लाज वाटली खरं सांगू तर, पण वाचली. तिच्यात चक्क कॅपिटल अक्षरात प्लीज रीड धिस लिहिलेलं असतं! आणि खाली पायथॉनचं व्हर्जन, 3.10. माझ्या उबंटूचं 3.12. मग तू म्हणालीस डाउनलोड केलेल्या फाइलचं नाव वाच, ते होतं पॅराव्ह्यू-5.12.0-एमपीआय-लिनक्स-पायथॉन3.10. महिनाभर डोळ्यासमोर पडलेली फाइल होती ती.

"पॅराव्ह्यू घरून डबा घेऊन येतं रे, तू त्याला मेसचं जेवायला घालतोयस," हे तुझं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवतो. पॅराव्ह्यू स्वतःचं पायथॉन, स्वतःचं नमपाय सोबत घेऊन येतं. नुसत्या पायथॉनमध्ये लिहिलेलं पॅकेज एकवेळ इकडचं तिकडे चालून जाईल, पण नमपाय-सायपायमध्ये कंपाइल केलेल्या (आधीच मशीनच्या भाषेत बदललेल्या) फाइली असतात, 3.12 साठी बनलेली फाइल 3.10 ला चालत नाही. आणि पायथॉनपाथ रांगेत पुढे घुसतो, त्यामुळे डब्यातलं चांगलं नमपाय मागे राहून माझं बाहेरचं नमपाय आधी उचललं जात होतं. नमपाय नक्की कुठल्या फोल्डरमधून येतंय ते प्रिंट करायला लावलंस तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

पुढचं वीस मिनिटांत झालं. पायथॉनपाथची ओळ बंद, कोंडातून (पॅकेजेस सांभाळणारं टूल) 3.10 चं वेगळं एन्व्हायर्नमेंट, त्यात पॅराव्ह्यूच्या नमपायला चालेल असं सायपाय, आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला त्या फोल्डरचा पत्ता सिस-पाथला (पायथॉन जिथे पॅकेज शोधतं त्या फोल्डरांची यादी) अपेंड, म्हणजे रांगेत शेवटी. पहाटे दोनपर्यंत दोनशे फोटो तयार. सरांनी सोमवारी कलरमॅप बदल म्हणून सांगितलं ते सोड.

तर तो ज्युनियर. त्याचंही सायपायच, पण त्याचं पायथॉन बरोबर, पाथ बरोबर, मी पण दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग आठवलं आणि म्हटलं, मोठ्याने वाच. तो वाचतोय, "सायपाय इज नॉट अ पॅकेज." म्हटलं तुझ्या स्क्रिप्टचं नाव काय रे? सायपाय डॉट पीवाय. सायपाय चालतंय का बघायला बनवलेली फाइल, ती स्वतःलाच इम्पोर्ट करत बसलेली!

त्याने मला चहा पाजला. त्यातला अर्धा तुझा, पुण्यात आलीस की घेऊन जा.