दोघांचं बीपी वेगळं आहे, गोळ्यांची डबी एक नको

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट सांगून होत नाही, आई तू मधेच जेवणाचं विचारतेस आणि मग राहूनच जातं, म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आई, डोकं जड झालं की तू बाबांच्या डबीतली बीपीची गोळी घेतेस हे कळल्यापासून मला चैन नाहीये. तुझं म्हणणं की बीपी ते बीपी, मशीनवर आकडा सारखाच येतो मग गोळी वेगळी कशाला. आणि वर हेही म्हणतेस की मला काही बीपी नाही, माझं तर जन्मापासून लो. दोन्ही समजुती मला आज काढायच्या आहेत, कारण मी हाच विषय दर वर्षी कॉलेजात फर्स्ट इयरच्या मुलांना शिकवते आणि माझ्याच घरात तो कोणाला सांगितलेला नाही असं व्हायला नको.

तुझं लो होतं हे खरंच होतं. तरुणपणी 100/60, उपवासाच्या दिवशी देवळाच्या रांगेत चक्कर, हे सगळं मी तुझ्याकडूनच ऐकलंय. तरुण बायकांना उभं राहून चक्कर येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्तच असतं. पण ते ज्या कारणाने होतं ते कारणच पाळी गेल्यावर उरत नाही, म्हणून तेव्हाच्या लो बीपीवर आज विसंबून राहता येत नाही.

आता हे कसं ते सांगते. बीपी म्हणजे नुसतं हृदय आणि मीठ नाही, त्याच्यावर मिनिटामिनिटाला नर्व्हजचा कंट्रोल असतो. मानेत दोन्ही बाजूला, जिथे मोठी रक्तवाहिनी दुभंगते तिथे, आणि छातीत महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे सेन्सर असतात. ते मेंदूच्या तळाला खबर देतात आणि तिथून सिंपथेटिक नर्व्हज, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप काम करणाऱ्या नर्व्हज, हातापायाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात किंवा सैल सोडतात. तुम्ही खुर्चीवरून उठलात की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायात उतरतं, तरी आपण कोसळत नाही, ते ह्याच यंत्रणेमुळे, काही सेकंदात काम होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

ह्या नर्व्हजमधले सिग्नल माणूस जागा असताना प्रत्यक्ष ऐकता येतात. स्वीडनमधल्या उप्साला इथे हागबार्थ आणि वालबो ह्या दोघांनी 1960 च्या दशकात ही पद्धत काढली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चामडीखाली जी नर्व्ह जाते तिच्यात केसासारखी बारीक टंगस्टनची सुई घालायची आणि स्पीकर लावायचा, मग हृदयाच्या ठोक्याच्या लयीत सिग्नलचे झोत ऐकू येतात. त्यातून एक विचित्र गोष्ट दिसली, दोन धडधाकट तरुण माणसं, दोघांचं बीपी सारखं, पण एकाच्या नर्व्हमधले सिग्नल दुसऱ्याच्या कितीतरी पट. मग बीपी सारखं कसं?

ह्याचं उत्तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या लोकांनी मिळून शोधलं आणि मला ते फार आवडतं. तरुण पुरुषांमधे ज्याच्या नर्व्हज जास्त जोरात त्याच्या रक्तवाहिन्या जास्त आवळलेल्या, पण त्याचं हृदय कमी रक्त ढकलतं, म्हणून हिशोब जुळतो. तरुण बायकांमधे मात्र नर्व्हजचा जोर आणि रक्तवाहिन्यांचं आवळणं ह्यांचा संबंधच दिसेना. कारण नर्व्हजमधून नॉरॲड्रेनलिन नावाचं जे रसायन सुटतं ते रक्तवाहिनीवरच्या अल्फा रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे रसायन जिथे बसून काम करतं ती जागा) बसलं की रक्तवाहिनी आवळते आणि बीटा रिसेप्टरवर बसलं की सैल होते, आणि तरुण बाईत ही बीटाची बाजू इतकी चांगली चालते की आवळणं बऱ्यापैकी खोडून निघतं. 2011 मधे छापलेल्या त्यांच्या अभ्यासात त्यांनी प्रोप्रॅनोलॉल देऊन बीटा रिसेप्टर बंद केले तर तरुण बायकांमधेही पुरुषांसारखा संबंध दिसायला लागला, आणि पाळी गेलेल्या बायकांमधे तो औषध न देताच होता, औषधाने काही फरक पडला नाही. माणसं फार नव्हती अभ्यासात, पण उत्तर स्पष्ट आहे. पाळी बंद झाली, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन गेलं, की सैल करणारी बाजू कमी पडते आणि आवळणारी तशीच राहते.

तशीच पण नाही, वाढते. वयाबरोबर सिंपथेटिक नर्व्हजचा जोर दोघांचाही वाढतो, बायकांचा जास्त वेगाने वाढतो. चाळिशीनंतर ह्या जोराचा आणि बीपीचा थेट संबंध दिसायला लागतो आणि तोही बायकांमधे जास्त ठळक. म्हणूनच तरुणपणी हाय बीपीचे पेशंट पुरुष जास्त, आणि साठी-पासष्टीनंतर बायका त्यांना गाठतात आणि मागे टाकतात. आपल्याकडे पाळी जाते साधारण 46 च्या आसपास, म्हणजे ही वर्षं बरीच लवकर सुरू होतात आणि नेमकं तेव्हाच घरातल्या सगळ्यांचं दुखणंखुपणं बघण्यात तुझं स्वतःचं कुणीच मोजत नव्हतं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तू पाठवलेलं रीडिंग 158/84 आहे. वरचा आकडा वाढलेला, खालचा ठीक. मशीन बिघडलेलं नाही. पावसात भिजून वाळलेली कोल्हापुरी चप्पल कशी कडक होते तशा ह्या वयात मोठ्या रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे वरचा आकडा चढतो. आणि आधी म्हटले ते सेन्सर रक्तवाहिनीच्या भिंतीतच असतात, भिंत ताणली गेली तरच त्यांना कळतं, कडक भिंत ताणलीच जात नाही, म्हणून मेंदूला जाणारी खबर कमी पडते. एका रीडिंगवरून काही ठरत नाही, पण घरी वारंवार 135/85 च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच.

बाबा, आता तुमचं. तुमचा प्रश्न उलटा आहे. बसून 138 येतं म्हणून तुम्ही खूश असता, पण रात्री लघवीला उठल्यावर भिंत धरावी लागते हे आईने सांगितलं मला. तेच सेन्सर कमी पडतात, उभं राहिल्यावर नर्व्हजनी झटकन आवळायला हवं ते उशिरा होतं. त्यात लघवीच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी जी गोळी दिलीय ती अल्फा रिसेप्टरच बंद करते, म्हणजे ज्या दारातून नर्व्हज काम करतात तेच दार. बीपीच्या डॉक्टरांना ही गोळी माहीत आहे का? नसेल तर सांगा. आणि कुठलीच गोळी स्वतःहून बंद करू नका, काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं.

तुम्ही दोघांनी उभं राहून बीपी मोजायचंय, हे कोणीच करत नाही आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, चहा घेऊन अर्धा तास झालेला, लघवी करून आलेले, बोलायचं नाही (आई!), मग मोजायचं, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने पडला तर ते डॉक्टरांना सांगायचं. जेवणानंतर दोन तासांत पण काही जणांचं बरंच पडतं, विशेषतः भरपेट भात खाल्ला की, तेव्हा लगेच उठून अंगणात जायचं नाही. बाबा, रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पाय हलवा, मग उठा, आणि लघवी बसूनच करा, त्यात कमीपणा काही नाही.

आई, तुझे घोटे सुजतात ते उभं राहून काम केल्याने असं तू म्हणालीस. बाबांची गोळी ॲम्लोडिपिन आहे आणि तिने पाय सुजतात, बायकांचे जास्त सुजतात. तुझी सूज त्यानेच असेल असं मी इथून सांगू शकत नाही, पण डॉक्टरांना त्या गोळीबद्दल लपवून ठेवू नकोस. तुला गोळी लागली तर कदाचित तीच देतील, कदाचित दुसरी, पण तुझं बघून, तुझी किडनी, शुगर, तुझं उभं राहून पडतं का ते बघून. डोकेदुखीवरून बीपी ओळखता येत नाही, आणि गोळी कधीमधी घेऊन उपयोग नाही.

लोणचं-पापड-खर्डा ह्यावर मी भांडत नाही, पण दिवसभराचं मीठ सगळं मिळून चहाच्या एका सपाट चमच्यात बसायला हवं.

बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीय, दोघांची वेगवेगळी, वेळ दादाला पाठवलीय. तोपर्यंतची रीडिंग्ज वहीत दोन वेगळ्या पानांवर लिहा, बसून आणि उभं राहून. आणि घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीची पण, कारण त्या पेनकिलरनी सुद्धा बीपी चढतं.

तुमची,
सई