कलम ९ आणि आपलं रान

स्टुटगार्ट,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर जर्मन नागरिकत्वाचा विषय काढला आणि तो अर्धाच राहिला. बाबा, "बघ बाई तुला योग्य वाटेल तसं" म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात. आई, तू विचारलंस, "मग रेशनकार्डावरचं नाव काढायचं का?" तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला आणि इकडे इराने फोन ओढला. असल्या गोष्टी व्हिडिओ कॉलवर होत नाहीत. म्हणून लिहून काढते आहे. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे.

तर, मी जर्मनीच्या नागरिकत्वासाठी अर्ज करते आहे. हे ठरलंय. परवानगी मागत नाही, पण तुम्हाला बाहेरून कळावं असंही नको होतं. सुहास सध्या तरी करणार नाही. त्याचं म्हणणं, घरात एक निळा, भारताचा पासपोर्ट राहू दे. इराचा जन्मापासूनच जर्मन, मरून रंगाचा आहे, तो प्रश्न तेव्हाच सुटला होता.

बाबा, तुम्ही एक वाक्य बोललात ते मला लागलं, कारण ते खरं नाही. "ते लोक आपला पासपोर्ट हिसकावून घेतात." पूर्वी जर्मनी तशी अट घालायची. बहुतेकांना आधीचं नागरिकत्व सोडूनच यावं लागायचं आणि त्यासाठी पूर्वी आठ वर्षं इथे राहिलेलं लागायचं. २७ जून २०२४ पासून कायदा बदलला. आता पाच वर्षं पुरतात आणि जुनं सोडा असं जर्मनी म्हणत नाही. आमच्या ऑफिसातल्या तुर्की बाईने दोन्ही ठेवलीत.

नाव काढतो तो आपला देश. तुम्ही वर्गात नागरिकशास्त्र शिकवायचात तेव्हा मूलभूत हक्कांवर तास रंगायचा आणि त्याच्या आधीची कलमं 'वाचून घ्या' म्हणून सुटायची. त्यांत राज्यघटनेचं कलम ९ आहे. स्वखुशीने परदेशाचं नागरिकत्व घेतलं की तो माणूस भारताचा नागरिक राहत नाही. पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही तेच, आणि योगायोगाने तिथेही कलम ९च. मला अर्ज करून सोडावं लागणार नाही, इथलं प्रमाणपत्र हातात पडलं त्या क्षणी ते आपोआप जाईल. नंतर वकिलातीत जुना पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यायचा, एवढंच. मी हे वाचत बसले तेव्हा कळलं की नागरिकत्वाची ही कलमं २६ जानेवारीपर्यंत थांबलीच नव्हती, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली. फाळणी होऊन दोनच वर्षं झाली होती, कोण कुठला हे आधी ठरवणं भाग होतं. तेव्हाच्या माणसांचं मला समजतं. आज सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनंतरही दोन्हीकडचं चालू नये, हे मात्र मला पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर उन्हाळ्यात आल्यावर भांडू.

आई, तू म्हणालीस, मुलगी दुसऱ्यांदा दिल्यासारखं वाटतंय. मला त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. आता जे लिहिते ते वाच, मग सांग.

माझ्याकडे इथे कायम राहायचा परवाना आहे. नावाला कायम. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिले तर तो रद्द होतो. आधी विचारून मुदत वाढवून घेता येते, पण ती द्यायची की नाही हे त्यांच्या हातात. आई, तुझ्या गुडघ्याच्या वेळी मी आले होते. तू रोज संध्याकाळी भिंत धरून सोप्यातून चुलीच्या खोलीपर्यंत यायचीस आणि दारात थांबून म्हणायचीस, "अजून पंधरा दिवस राहिलीस तर जिना चढून दाखवते." तेव्हा रजा संपली म्हणून निघाले. रजेचं मी बघून घेईन, नोकरी सोडता येते, दुसरी मिळते. पण उद्या तुमच्यापैकी कुणाला वर्षभर माणूस लागलं आणि मी राहिले, तर इकडचा परवाना जाईल. मग इराची शाळा इथे, सुहास इथे आणि मी व्हिसाच्या रांगेत पहिल्या पायरीवर.

जर्मन पासपोर्ट असला की हे भय नाही. कितीही दिवस बाहेर राहा, परत येता येतं. आणि आपल्याकडे यायला ओसीआय कार्ड मिळतं, परदेशी नागरिक असलेल्या मूळच्या भारतीयांना देतात ते, इराचं आहे ना, तेच. त्यावर आयुष्यभर कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंद करायची गरज नाही. म्हणजे आज भारतीय नागरिक असून मला तुमच्याजवळ सहा महिन्यांच्या आतच राहता येतं, आणि परकी झाल्यावर दोन वर्षं राहता येईल. हिशेब उफराटा आहे, पण आहे हा असा.

तुम्हाला इकडे आणण्याचं म्हणशील, तर मुलगी नागरिक झाली म्हणून आई-वडिलांना कायमचं आणता येतं असं इथे नाही. अगदी अपवादात्मक अडचणीतच परवानगी देतात. आणि खरं सांग, तू तीन महिन्यांच्या वर इथे टिकली असतीस का? मागच्या वेळी दुसऱ्याच आठवड्यात तुला रानातल्या तुरीचं सुचायला लागलं होतं.

पण सगळं तुमच्यासाठीच करते आहे असं लिहिलं तर बाबा हसतील. माझंही कारण आहे. २०१४ ला आले त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली. पगारातून कर जातो, पेन्शनचा हप्ता जातो. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते. केरवोखं म्हणतात तिला. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवतात, आणि पायऱ्या, कठडा, खालचा फरसबंदीचा तुकडा, बर्फ पडला तर तोही, सगळं त्या आठवड्यात आपलं. खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून बघतात. सुरुवातीला राग यायचा. आता परवा नवीन भाडेकरूने कोपरे सोडले तर मीच बघत उभी राहिले.

एवढं सगळं करून मत मात्र नाही. मागच्या वर्षी २३ फेब्रुवारीला इथे संसदेची निवडणूक झाली. रविवार होता, समोरच्या शाळेत मतदान. मी इराला घेऊन त्याच रस्त्याने बागेत गेले. बाहेरून आलेल्यांविरुद्ध प्रचार करणाऱ्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली, म्हणजे पाचातलं एक. ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय त्यातली मी एक आणि मोजणीत मी नाही. तिकडे मतदार यादीत परदेशातल्या भारतीयांना नाव घालता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष केंद्रावर जावं लागतं, तेही कधी जमलं नाही. बाबा, तुम्ही केंद्राध्यक्ष म्हणून पेटी घेऊन आदल्या दिवशी निघायचात, रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपायचात. त्या घरातल्या मुलीने दोन देशांत मिळून इतकी वर्षं एकही मत दिलेलं नाही. हे मला खटकतं.

आता परीक्षेचं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर. ३३ प्रश्न, ६० मिनिटं, १७ बरोबर आले की पास, फी २५ युरो. मूळ संच ३१० प्रश्नांचा असतो, त्यातले दहा आपण राहतो त्या राज्याचे. आमच्या राज्याच्या ढालीवर तीन काळे सिंह आहेत, तेही विचारतात. भाषेचीही एक पातळी लागते, ती माझी पुण्यात मॅक्स म्युलर भवनाच्या वर्गांपासून सुरू झाली होती ती आता पुरती झाली. मी परीक्षा दिलीय आणि पास आहे. त्यातला एक प्रश्न तुम्हाला आवडेल. सरकारी कार्यालयातला माणूस तुमच्याशी वाईट वागला तर काय कराल? उत्तर, त्याच्या साहेबाकडे तक्रार करीन. मला आपलं तहसील आठवलं आणि हसू आलं. दुसरा एक, सावळ्या माणसाला रंगामुळे वेटरची नोकरी नाकारली, हे कशाचं उदाहरण? हा प्रश्न वाचताना शेजारच्या बाकावरचा सीरियाचा मुलगा माझ्याकडे बघून नुसता भुवया उडवून गेला.

आणखी एक गोष्ट सही करून द्यावी लागते, तिच्यावर मी बरीच अडखळले. लोकशाही व्यवस्था मान्य आहे हे तर आहेच, पण २०२४ पासून त्यात आणखी एक भर पडली. नाझी राजवटीने केलेल्या अन्यायाबद्दल जर्मनीची जी खास ऐतिहासिक जबाबदारी आहे, विशेषतः ज्यूंच्या जीविताच्या रक्षणाची, ती मला मान्य आहे असं लिहून द्यायचं. आधी वाटलं, माझे आजोबा १९४० साली ज्वारीची कणसं खुडत होते, माझा काय संबंध? आमच्या गल्लीत फुटपाथच्या दगडांत तळहाताएवढे चौकोनी पितळी पत्रे बसवलेत. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने सुरू केलेलं काम आहे, जर्मनीभर आणि बाहेरही असे दिसतात. 'इथे राहत होते' आणि खाली नाव, जन्मसाल, कधी धरून नेलं, कुठे मारलं. इरा अक्षरं ओळखायला लागलीय, ती वाकून त्यांवर बोट फिरवते आणि विचारते, हे कोण? तिला उत्तर मलाच द्यावं लागणार. ते लक्षात आल्यावर सही करायला हात अडला नाही.

शपथ म्हणाल तर साधी आहे. मूलभूत कायद्याचा, म्हणजे इथल्या राज्यघटनेचा, आणि इतर कायद्यांचा मान राखीन आणि देशाला हानी होईल असं काही करणार नाही, एवढंच. भारताविरुद्ध त्यात अक्षर नाही. न्यू जर्सीच्या बंड्याने घेतली त्या अमेरिकन शपथेत जुन्या निष्ठा पूर्णपणे सोडल्याचं तोंडाने म्हणावं लागतं, म्हणून मामा दोन दिवस जेवले नव्हते. तसं इथे नाही.

राहिले काका. परदेशी झाली की रानावरचा हक्क जातो, आत्ताच हक्कसोडपत्र करून घ्या, असं ते म्हणत होते ना? मला ऐकू आलं होतं. तर, ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे खरं. फार्महाऊस आणि मळेही नाहीत. पण वारसाने येणारी जमीन येते, तिला आडकाठी नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल. तिकडे कष्ट दादा-वहिनी करतात, हे मी विसरलेले नाही. माझा वाटा ठेवायचा की सोडायचा ते दादा आणि मी समोरासमोर बसून ठरवू. कायद्याचा बागुलबुवा दाखवून घाईघाईत कागद करायचा नाही. बाबा, यावर तुम्ही कुठेही सही करू नका, ही मात्र विनंती नाही, हट्ट आहे.

जे खरंच जाणार ते मत. विधानसभा, लोकसभा, ग्रामपंचायत, सगळीकडचं. सरकारी नोकरी आणि निवडणूक लढवणंही, पण ती दोन्ही मी करणार होते कुठे! आई, तुझ्या रेशनकार्डाचं उत्तर, हो, माझं नाव काढायचं. ते खरं तर लग्नानंतरच निघायला हवं होतं, तू ठेवलंस.

अर्ज दिल्यावर किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही. लोक वर्षभर म्हणतात, काहींचं लवकर झालं, काहींचं रखडलं. फी २५५ युरो आहे. मध्ये एक अवघड तुकडा येईल. इथलं प्रमाणपत्र मिळाल्यापासून ओसीआय हाती येईपर्यंत माझ्याकडे आपला पासपोर्ट नसेल आणि कार्डही नसेल. त्या काळात एकदम यावं लागलं तर व्हिसा काढून यावं लागेल. म्हणून तुमच्या दोघांच्या सगळ्या तपासण्या या वर्षी वेळच्या वेळी करून घ्या. बाबा, तुमची साखर तुम्ही सांगता तेवढी नसते, दादा मला खरा आकडा पाठवतो.

माझं एक काम करा. जन्मदाखल्याची नवी प्रत काढून ठेवा. माझं पूर्ण नाव, तुमचं आणि आईचं नाव पासपोर्टवर आहे तसंच त्यावर हवं, एका अक्षराचाही फरक नको. इथे शपथबद्ध भाषांतरकाराकडून तिचं जर्मन करून घ्यायचं आहे. आम्ही मेमध्ये येतो आहोत, तेव्हा घेऊन जाईन. पोस्टाने पाठवू नका.

काकांना यातलं काय आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. हक्कसोडीचा परिच्छेद वाचून दाखवलात तरी माझी हरकत नाही.

दादा-वहिनींना नमस्कार. इराने खाली रेघोट्या मारल्यात, तिच्या मते ते 'आजी' लिहिलंय.

तुमची,
मंजू