डाग गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या समुद्री टाकीवर लेख आला तो वाचून खरंच आनंद झाला, कोल्हापुरात हा शौक वाढतोय आणि पेपरात त्याला अर्धं पान मिळालं हे भारीच. पण लेखाच्या खाली 'माशाला पांढरे डाग आले तर' म्हणून जी चौकट दिलीय ती वाचून राहवलं नाही. हीटर वाढवा, मूठभर मीठ टाका, टाकीत कॉपरचं औषध घाला, आठवड्यात डाग जातात असं त्यात लिहिलंय. यातला हीटर आणि मीठ हा उपाय गोड्या पाण्यातल्या माशांचा, गप्पी-मॉलीवाल्यांचा. समुद्री टाकीत लिटरमागं 35 ग्रॅमच्या आसपास मीठ आधीच असतं, त्यात अजून एक मूठ टाकून डाग आणणाऱ्या परजीवीला काय फरक पडणार? आणि कॉपर थेट मोठ्या टाकीत घालायला सांगणं हे तर फार नुकसानीचं आहे.

दोन्हीकडचा हा पांढऱ्या डागांचा आजार, म्हणजे व्हाइट स्पॉट, दिसायला सारखा असला तरी जीव वेगळे आहेत. समुद्रातल्याचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, एका पेशीचा जीव. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत घुसतो, आत बसून खातो, तेव्हा आपल्याला अंगावर रव्याच्या कणासारखे ठिपके दिसतात. तीन ते सात दिवसांनी पोट भरलं की तो स्वतःहून मासा सोडतो, खाली वाळूवर नाहीतर दगडावर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. कवचाच्या आत त्याचे तुकडे होत होत दोनशेपर्यंत पिल्लं तयार होतात, मग कवच फुटतं आणि ती पोहत नवा मासा शोधायला निघतात, एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात.

म्हणजे बघा, आठवड्यात डाग जातात हे खरंच आहे, औषध घाला नाहीतर घालू नका, ते जाणारच! म्हणून तर लसणाचा रस, हळद, निळं औषध, माशाच्या अंगावरचे परजीवी टिपणारी क्लीनर कोळंबी, कशालाही श्रेय मिळतं. माणूस म्हणतो झाला की बरा, आणि पंधरा दिवसांनी तोच ब्लू टँग मासा दगडाला अंग घासत असतो, या वेळेला ठिपके मोजता येत नाहीत इतके, आणि श्वास जोरजोरात, कारण कल्ले भरलेले असतात. कल्ल्यातलं आपल्याला बाहेरून दिसत नाही आणि मासा मरतो तो बहुतेक त्यानंच. अशात पावसाळ्यात दोन-तीन तास लाइट गेली, पंप बंद पडले, पाण्यातला ऑक्सिजन उतरला की हेच मासे आधी जातात आणि खापर फुटतं वीजमंडळावर. (बॅटरीवरचा एअर पंप मात्र प्रत्येकानं घरात ठेवावाच.)

आता कॉपर. कॉपर औषध म्हणून उत्तम आहे, जुनं आहे, खात्रीचं आहे. पण ते पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं, कातडीखालच्याला नाही आणि कवचातल्याला तर नाहीच, म्हणून ते महिनाभर एका पातळीवर टिकवावं लागतं. साधं कॉपर असेल तर लिटरला 0.15 ते 0.20 मिलीग्रॅम, याच्या खाली गेलं की उपयोग शून्य, फार वर गेलं की मासाच मरतो. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधलेल्या, कॉपरच्या बाटल्यांचं प्रमाण वेगळं, बरंच जास्त असतं, ते लेबल बघूनच. आणि हे सगळं टेस्ट किटनं रोज मोजायचं, अंदाजानं नाही. आपल्याकडं द्राक्षाच्या फवारणीला मोरचूद सगळ्या कृषी दुकानांत मिळतो, तोही कॉपरच आहे, चिमूटभर टाकला की झालं असं सांगणारे भेटतात. शंभर लिटरच्या टाकीला लागतो त्याचा हिशेब मिलीग्रॅममध्ये आहे हो, चिमटीत काय मोजणार, आणि शेतीच्या मालात बाकी काय काय असतं ते वेगळंच.

आणि रीफ टाकीत, म्हणजे कोरल ठेवलेल्या समुद्री टाकीत, कॉपर म्हणजे कोळंबी, गोगलगाय, खेकडे, कोरल सगळ्यांना विष. माझ्या ओळखीच्या एका घरात दुकानदाराच्या सांगण्यावरून असंच घातलं, सकाळी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडलेल्या, कोळंबी पांढरी पडून आडवी, आणि लेदर कोरल असं मिटलेलं की परत उघडलंच नाही. वर लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले सच्छिद्र दगड) आणि वाळू ते कॉपर शोषून घेतात, औषधाची पातळी टिकत नाही ती नाहीच, आणि पुढं कितीतरी दिवस त्याच दगडातून ते पाण्यात उतरत राहतं.

मग करायचं काय, तर सगळे मासे बाहेर काढायचे. सगळे, डाग नसलेले पण. वेगळी साधी काचेची टाकी, त्यात वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, हीटर, स्पंज फिल्टर, फिल्टरमधून कार्बन काढलेला, आणि उपचार तिथं. हा स्पंज मोठ्या टाकीच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) आधीपासून टाकून ठेवला असेल तर त्यात अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया तयार असतात, नाहीतर आजारी मासा अमोनियानं जातो आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही. कॉपरची भीती वाटत असेल तर दुसरा रस्ता टाकी बदलण्याचा, दर तीन दिवसांनी मासा नव्या, पूर्ण सुकवलेल्या टाकीत नव्या पाण्यात न्यायचा, असं चार वेळा. परजीवी मासा सोडून खाली पडतो आणि त्याची पिल्लं निघायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. औषध अजिबात नाही, फक्त मीठ आणि मेहनत जास्त लागते.

आणि मोठी टाकी? ती 76 दिवस माशाशिवाय चालू ठेवायची. कोरल, कोळंबी, गोगलगायी राहू देत, त्यांना हा परजीवी लागत नाही. कवच 72 दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे म्हणून हा आकडा. अडीच महिने रिकामी टाकी बघायला जिवावर येतं, घरचे रोज विचारतात, पाहुणे विचारतात, पण याला शॉर्टकट नाही. एक क्लाउनफिश जरी 'ह्याला काही झालेलं नाही' म्हणून आत ठेवला तरी सगळं फुकट. जाळी, हात, बादली पण दोन टाक्यांना वेगळ्या हव्यात, ओल्या जाळीतून सुद्धा जातं.

एक अजून, प्रत्येक ठिपका म्हणजे व्हाइट स्पॉट नाही. अंगावर अगदी बारीक पिवळसर थर, मासा वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड करून उभा, खाणं बंद, असं दिसलं तर तो व्हेल्वेट नावाचा दुसरा आजार असू शकतो, त्याचा परजीवी अ‍ॅमायलूडिनियम, त्यात दोन-तीन दिवसांत अख्खी टाकी जाते. व्हाइट स्पॉटवर काही जण पाण्याचा खारेपणा उतरवायची युक्ती करतात, ती इथं चालत नाही, लगेच कॉपरच. चौकटीत याचा उल्लेख सुद्धा नव्हता.

तेव्हा दुरुस्ती छापावी ही विनंती, आणि पुढच्या वेळी असा मजकूर आधी जाणकाराला दाखवावा. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, आंबा घाट उतरला की पोचलो, तिथं माशांच्या रोगांवर शिकवतात.

आणि आपल्या शहरातल्या दुकानदारांना पण सांगणं आहे, बाहेरून आलेला समुद्री मासा त्याच दिवशी विकू नका. निदान दोन आठवडे वेगळा ठेवा, आल्याची तारीख टाकीवर लिहा, आणि गिऱ्हाईकासमोर त्याला खायला घालून दाखवा. त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला आम्ही तयार आहोत.

आपला एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर